मिशिगन विद्यापीठाचे नोकरभरती पोर्टल: जाहिरात ओळ न् ओळ वाचणाऱ्यांसाठी

डेट्रॉइटच्या परिसरातील मराठी घरांमध्ये एक चित्र वारंवार दिसते. घरातले एक माणूस वाहनउद्योगात नोकरीला असते आणि दुसरे, तितकेच शिकलेले माणूस, व्हिसाच्या अटींमुळे काही वर्षे घरी बसलेले असते. काम करण्याची परवानगी हातात आली की मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला किंवा मुलांच्या शाळेबाहेर कोणीतरी हमखास सांगते, ‘‘अगं, युनिव्हर्सिटीत बघ ना, तिथे सारख्या जागा निघत असतात.’’ हा सल्ला मलाही मिळाला होता. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. जागा निघतात हे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्या जागेपर्यंत पोहोचायचे कसे, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या नोकरभरती पोर्टलाचा हा अभिप्राय मी त्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी लिहीत आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले, नाशिकला पाच वर्षे अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले, आणि इथे आल्यावर साडेतीन वर्षांच्या खंडानंतर याच पोर्टलावरून वैद्यकीय संशोधनाच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले.

आधी आकाराची कल्पना यावी म्हणून थोडे सांगते. हे विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटमध्ये स्थापन झाले आणि १८३७ साली ॲन आर्बरला आले. ॲन आर्बर, डिअरबॉर्न आणि फ्लिंट अशी त्याची तीन संकुले आहेत, शिवाय मिशिगन मेडिसिन या नावाने चालणारा वैद्यकीय पसारा आहे, ज्यातले रुग्णालय १८६९ पासूनचे आहे. सगळे मिळून ५० हजारांहून अधिक लोक इथे काम करतात. या सर्वांसाठीच्या जागा एकाच पोर्टलावर येतात, म्हणजे परिचारिका, स्वयंपाकघरातील मदतनीस, वीजतंत्री, ग्रंथपाल, लेखापाल आणि प्रयोगशाळेतील संशोधक हे सगळे एकाच यादीत असतात. पहिल्या दिवशी ती यादी उघडल्यावर माणूस भांबावतो, आणि यात आपले काय असणार असे वाटून बंद करतो. तिथेच पहिली चूक होते.

आपल्याकडे विद्यापीठाची भरती म्हटली की डोळ्यांपुढे एकच मोठी जाहिरात येते. ती कुलसचिवांच्या सहीची असते, तिच्यात संवर्गनिहाय रिक्त पदांचा तक्ता असतो, आणि अर्जासोबत जातवैधता, अधिवास, टंकलेखन अशा प्रमाणपत्रांची चळत मागितलेली असते. अर्ज विद्यापीठाकडे जातो, छाननी विद्यापीठ करते आणि नेमणूकही विद्यापीठच करते. हीच सवय घेऊन मी या पोर्टलाकडे पाहिले आणि ‘विद्यापीठाला’ अर्ज करत राहिले. प्रत्यक्षात इथे दरवाजा एक असला तरी आत शेकडो वेगवेगळे मालक आहेत. प्रत्येक प्रयोगशाळा, प्रत्येक विभाग, प्रत्येक संस्था आपापला माणूस स्वतः निवडते; मनुष्यबळ विभाग जाहिरात लावतो, नियम सांभाळतो, पण तुमचा रेझ्युमे ज्याच्या टेबलावर जातो तो माणूस म्हणजे उद्या ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार तोच असतो. त्यामुळे या पोर्टलावर एक अर्ज तयार करून तो २० ठिकाणी पाठवणे म्हणजे २० वेगवेगळ्या माणसांना दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेले पत्र देणे. मला हे उमगायला पाच महिने लागले, आणि ते उमगल्यानंतरचे सगळे सोपे होते असे नाही, पण त्यानंतर उत्तरे येऊ लागली.

या पोर्टलाचे खरे बळ त्याच्या जाहिरातीत आहे. प्रत्येक जाहिरात ठरावीक मथळ्यांत लिहिलेली असते आणि त्या मथळ्यांखाली अर्जदाराला लागणारी जवळजवळ सगळी माहिती असते, फक्त ती सरकारी थाटाच्या वाक्यांत असल्यामुळे नजर त्यावरून घसरते. ‘अर्ज कसा करावा’ या मथळ्याखाली बहुतेक जाहिरातींत लिहिलेले असते की कव्हर लेटर आवश्यक आहे, ते रेझ्युमेच्या फाइलचे पहिले पान म्हणून जोडावे, आणि त्यात या पदात तुम्हाला रस का आहे व या पदाशी थेट संबंध असलेली कौशल्ये आणि अनुभव कोणते ते सांगावे. हे वाक्य सर्वत्र सारखेच असल्याने ते केवळ रीत म्हणून लिहिले आहे असे मला वाटले होते. ते रीत म्हणून लिहिलेले नाही. पत्र वेगळ्या फाइलमध्ये नको, रेझ्युमेच्या आधी, त्याच फाइलमध्ये हवे, ही सूचना पाळली आहे की नाही यावरून हा अर्जदार प्रयोगशाळेतील लेखी कार्यपद्धती पाळेल की नाही याचा अंदाज बांधणारे लोक आत बसलेले असतात. आता मी स्वतः अशा निवडीत टिपणे काढायला बसते तेव्हा हे रोज दिसते.

दुसरे महत्त्वाचे वाक्य मुदतीचे. जाहिरात किमान सात दिवस ठेवली जाते आणि आठव्या दिवसापासून अर्जांची छाननी व निवड सुरू होऊ शकते, असे जाहिरातीतच नमूद असते. शेवटची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिसली म्हणून आपण निवांत राहतो, पण तोपर्यंत मुलाखतीसाठी नावे ठरलेली असण्याची पूर्ण शक्यता असते. म्हणून शेवटची तारीख मी पाहणेच सोडून दिले. जाहिरात लागल्याची तारीख पाहायची, त्यात सहा दिवस मिळवायचे, आणि तीच आपली शेवटची तारीख मानायची. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर, मी अर्धा तास फक्त नव्या जाहिराती पाहायची आणि दोनपेक्षा जास्त कधी निवडायची नाही.

पदनामांचा विषय जरा सविस्तर लिहायला हवा, कारण भारतातून आलेल्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. आपल्याकडे ‘रिसर्च फेलो’ म्हणजे नेट किंवा गेट उत्तीर्ण होऊन पीएच.डी.च्या आधी प्रकल्पावर काम करणारा विद्यार्थी. मिशिगन विद्यापीठात रिसर्च फेलो हे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाचे पदनाम आहे. एम.एस्सी. झालेली आपली कितीतरी मुले-मुली ‘ज्युनिअर रिसर्च फेलोसारखेच असेल’ असे समजून तिथे अर्ज करतात आणि उत्तर आले नाही म्हणून खचतात. तसेच ‘असोसिएट’ या शब्दाचे. असोसिएट प्रोफेसर ऐकून ऐकून आपल्याला असोसिएट म्हणजे वरचे पद वाटते, आणि आपण त्या लायकीचे नाही असे समजून पुढे सरकतो. इथे प्रयोगशाळेतील तज्ज्ञांच्या उतरंडीत असोसिएट सर्वांत खाली, त्याच्या वर इंटरमिजिएट, मग सीनियर आणि मग लीड अशी चढण आहे. माझ्यासारख्या एम.एस्सी. आणि पाच वर्षे अनुभव असलेल्या व्यक्तीसाठी नेमक्या खालच्या दोन पायऱ्या होत्या, आणि त्यांपैकी एक मी कितीतरी आठवडे नावावरून टाळत होते. प्रशासनाच्या बाजूला ‘रजिस्ट्रार’चे असेच आहे. आपल्याकडे कुलसचिव म्हणजे संपूर्ण प्रशासनाचा प्रमुख. इथे रजिस्ट्रारचे कार्यालय म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी, गुणपत्रके आणि वर्गनोंदणी सांभाळणारे कार्यालय, जिथे साध्या पदांच्या जागाही निघतात.

याच मथळ्यांत ‘अंडरफिल’ नावाचा एक छोटा परिच्छेद कधीकधी असतो. त्याचा अर्थ असा, की निवडलेल्या उमेदवाराची पात्रता जाहिरातीतल्या पातळीपेक्षा थोडी कमी असली तर तेच पद खालच्या पातळीवर भरता येईल. ज्याला काही वर्षांचा खंड पडला आहे, ज्याचा अनुभव दुसऱ्या देशातला आहे, त्याच्यासाठी हा परिच्छेद फार मोलाचा आहे. जाहिरात इंटरमिजिएटची असली आणि खाली हा परिच्छेद असला, तर असोसिएटच्या पात्रतेचा माणूस निर्धास्तपणे अर्ज करू शकतो. मला नोकरी अशाच जाहिरातीतून मिळाली.

आवश्यक पात्रता आणि अपेक्षित पात्रता असे दोन वेगळे मथळे असतात, आणि ते खरोखर वेगळे असतात. आपल्याकडे जाहिरातीतील प्रत्येक अट म्हणजे अटच, एक कमी पडली की अर्ज बाद, ही सवय हाडीमाशी भिनलेली असते. इथे आवश्यक पात्रतेच्या सर्व अटी बसत असतील तर अपेक्षित यादीतील निम्म्या नसल्या तरी अर्ज करावा. मात्र आवश्यक यादीतील प्रत्येक अट आपण कुठे, कधी, कशी पुरी केली हे पत्रात शोधावे लागता कामा नये. समोर दिसले पाहिजे.

माझ्या पत्राचेच उदाहरण देते. जाहिरातीत एक ओळ होती, की उपकरणांच्या आणि नमुन्यांच्या नोंदी अचूक ठेवण्याचा अनुभव हवा. आधीच्या पत्रांत मी ‘नोंदी ठेवण्याचा उत्तम अनुभव’ एवढेच लिहीत असे. या वेळी मी नाशिकच्या प्रयोगशाळेतले रजिस्टर आठवले. आमची प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या मानकानुसार मान्यताप्राप्त होती, त्यामुळे इनक्युबेटरचे तापमान दिवसातून दोनदा, निळ्या शाईने, वेळेसह लिहायचे. खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. आणि महिन्याच्या शेवटी दुसऱ्या व्यक्तीने ते पान तपासून सही करायची. ‘जे लिहिले नाही ते केलेच नाही’ हे वाक्य आमच्या गुणवत्ता व्यवस्थापक मॅडम दिवसातून दहा वेळा म्हणत. मी पत्रात हे चार वाक्यांत जसेच्या तसे लिहिले. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात सांगायचे तर आपला बायोडेटा इथे चालत नाही. छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, दहावी-बारावीची टक्केवारी हे सगळे काढून टाकावे. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची आणि इथली पदवी चार वर्षांची असल्यामुळे एम.एस्सी.ची दोन वर्षे धरून एकूण पाच वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण झाले आहे हे स्पष्ट दिसेल असे लिहावे. आणि खंड लपवू नये. मी ‘कौटुंबिक कारणास्तव आणि परवान्याअभावी खंड’ अशी एक ओळ लिहिली आणि त्याखाली त्या काळात पूर्ण केलेल्या दोन ऑनलाइन अभ्यासक्रमांची नावे दिली. कोणीही वाकडा प्रश्न विचारला नाही.

या पोर्टलाला जोड म्हणून दोन सार्वजनिक गोष्टी आहेत, ज्यांची माहिती आपल्या लोकांना क्वचित असते. पहिली म्हणजे पगार. मिशिगन विद्यापीठ सार्वजनिक असल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या पगारांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. त्यात पदनाम, विभाग आणि पगार असतो. कोणाचा पगार किती हे नावानिशी पाहणे आपल्या संस्कारात बसत नाही आणि मलाही पहिल्यांदा फार अवघडल्यासारखे झाले होते. पण पदनामावरून शोधले तर आपण अर्ज करतो आहोत त्या पायरीवर त्या विभागात साधारण काय देतात याचा अंदाज येतो, आणि पगार विचारल्यावर ‘जे द्याल ते’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. मी त्या यादीवरून एक आकडा काढला, तो नम्रपणे सांगितला, आणि मिळालेला आकडा त्याच्या जवळ होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्रँट. संशोधनातील बहुतेक जागा विद्यापीठाच्या तिजोरीतून चालत नाहीत. प्रमुख संशोधकाने, ज्याला इथे सगळे पीआय म्हणतात, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून (एनआयएच) किंवा राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून मिळवलेल्या अनुदानातून आपला पगार निघतो. आरोग्य संस्थांचे नेहमीचे मोठे अनुदान, ज्याला आर-झीरो-वन म्हणतात, ते साधारणपणे पाच वर्षांपर्यंतचे असते. ते केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपते हे जाहिरातीत नेहमी लिहिलेले असतेच असे नाही, पण एनआयएच रिपोर्टर नावाच्या सरकारी माहितीसंचात पीआयच्या नावावरून कोणालाही ते पाहता येते. विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानांसाठीही असाच शोध आहे. अर्ज करण्यापूर्वी तिथे पाच मिनिटे घालवली तर दोन लाभ होतात. एक तर आपण अनुदानाच्या चौथ्या वर्षात शिरतो आहोत की पहिल्या, हे कळते. दुसरे असे, की प्रकल्पाचा सारांश तिथेच वाचायला मिळतो आणि पत्रातले पहिले वाक्य त्या प्रयोगशाळेच्या खऱ्या कामाबद्दल लिहिता येते. आईने फोनवर मला विचारले होते, ‘‘पर्मनंट आहे ना गं?’’ पोर्टलावर ‘रेग्युलर’ लिहिले होते म्हणून मी हो म्हणाले. खरे तर ‘रेग्युलर’ म्हणजे सर्व सोयीसुविधांसह नियमित पद, एवढेच. आपल्या अर्थाने पर्मनंट, म्हणजे निवृत्तीपर्यंत हक्काचे, असे ग्रँटवरचे पद कधीच नसते, आणि हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी कळलेले बरे.

वैद्यकीय संशोधनाच्या बाजूला एक मोठा दरवाजा आहे ज्याकडे आपले लोक वळत नाहीत, तो म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचा. औषधांच्या किंवा उपचारपद्धतींच्या चाचण्यांत सहभागी होणाऱ्या रुग्णांना माहिती देणे, त्यांची लेखी संमती घेणे, भेटींचे वेळापत्रक सांभाळणे, नमुने व कागदपत्रे नीट पाठवणे, आणि नैतिक समितीकडे वेळच्या वेळी अहवाल देणे असे हे काम आहे. याच्याही टेक्निशियनपासून सीनियरपर्यंत पायऱ्या आहेत. भारतात बीएएमएस, बीडीएस, फार्मसी किंवा फिजिओथेरपी केलेल्या आणि इथे परवाना परीक्षांच्या खर्चाने आणि वर्षांनी दमलेल्या कितीतरी जणी मला भेटतात. त्यांचे रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य इथे थेट कामी येते. जिथे कुठे मला बोलता येते तिथे मी हे सांगते.

प्रशासनाची बाजू मी स्वतः अनुभवलेली नाही, पण ती जवळून पाहिली आहे. माझी कोल्हापूरची एक मैत्रीण बी.कॉम. असून सहकारी बँकेत नऊ वर्षे होती. विद्यापीठात आपल्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला काय काम, असे ती म्हणत असे. आम्ही दोघींनी एका शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून प्रशासकीय सहायक, वित्त, संशोधन प्रशासन अशा सहा जाहिराती छापून काढल्या आणि पेन्सिलने त्यातल्या प्रत्येक कामाशेजारी बँकेतले काम लिहीत गेलो. अनुदानाच्या खात्यावरील खर्च जुळवणे याच्याशेजारी तिने ‘दिवसाखेरीचा ताळमेळ’ लिहिले; लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे तयार ठेवणे याच्याशेजारी ‘रिझर्व्ह बँकेची तपासणी’; प्राध्यापकांशी व बाहेरच्या कार्यालयांशी समन्वय याच्याशेजारी ‘मार्च एंडिंगला खातेदार’. संध्याकाळपर्यंत तिच्या पत्राचा कच्चा मसुदा त्या पेन्सिलच्या टिपणांतूनच तयार झाला. आज ती एका विभागात अनुदानांचे हिशेब पाहते, आठवड्यातून दोन दिवस घरून. कुठल्या जागी घरून काम करता येते हे ‘कामाची पद्धत’ या मथळ्याखाली दिलेले असते; प्रयोगशाळेच्या जागांना ती सोय अर्थातच नसते.

मुलाखत आधी व्हिडिओवर झाली आणि मग प्रत्यक्ष. ती नॉर्थ कॅम्पस रिसर्च कॉम्प्लेक्समध्ये होती. ही जागा पूर्वी फायझर या औषध कंपनीची. कंपनीने इथले केंद्र बंद करण्याचे २००७ साली जाहीर केले तेव्हा गावावर मोठे संकट आले होते. २००९ साली विद्यापीठाने ते १७४ एकरांचे आवार इमारतींसह विकत घेतले आणि आता तिथे विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत. मला विचारलेला एक प्रश्न असा होता, की उणे ८० अंशांचा फ्रीझर रविवारी रात्री बंद पडला आणि तुम्ही एकट्याच असाल तर काय कराल. नाशिकला भारनियमनाच्या दिवसांत असे प्रसंग किती आले याची मोजदाद नाही. मी सांगितले, की आधी दार उघडणार नाही, वेळ लिहीन, पर्यायी फ्रीझरमधली रिकामी जागा आणि कोरडा बर्फ कुठे आहे हे भिंतीवरच्या यादीत पाहीन, कोणते नमुने पुन्हा मिळणे अशक्य आहे ते आधी हलवीन, आणि प्रत्येक हलवलेल्या पेटीची नोंद त्याच वेळी करीन. समोरच्या बाईंनी ‘भिंतीवरची यादी’ हे शब्द वहीत लिहून घेतले. पुढे कळले, की त्यांच्याकडे अशी यादी नव्हती. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ती मीच केली.

कामाच्या परवान्याबद्दल लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय हे सगळे व्यर्थ आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या एच-४ व्हिसावरील जोडीदाराला, त्या नोकरी करणाऱ्याचे ग्रीन कार्डचे एक ठरावीक पाऊल मंजूर झालेले असेल तर, किंवा त्याला सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे मुदतवाढ मिळालेली असेल तर, २६ मे २०१५ पासून काम करण्याचा परवाना मागता येतो. माझी नोकरी याच परवान्यावर आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून किंवा त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर जुन्या परवान्याला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, त्यामुळे परवाना संपण्याच्या सहा महिने आधीच अर्ज करणे आता फार गरजेचे झाले आहे. अन्यथा चांगली लागलेली नोकरी मध्येच थांबवावी लागते. विद्यापीठांना एच-१बीच्या वार्षिक ६५ हजार अधिक २० हजार या मर्यादेतून २००० सालच्या कायद्याने सूट आहे, म्हणजे त्या मर्यादित व्हिसांसाठी निघणाऱ्या लॉटरीची वाट पाहावी लागत नाही. पण सूट आहे म्हणून प्रत्येक विभाग व्हिसाचा खर्च आणि खटाटोप करीलच असे नाही, आणि काही जाहिरातींत तसे स्पष्ट लिहिलेलेही असते. देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या शुल्कामुळे पुण्या-मुंबईत बसून इथल्या साध्या जागांसाठी अर्ज करणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली आहे.

याच संदर्भात एक कळकळीची सूचना. परवाना नसताना ‘लॅबमध्ये काही महिने फुकट काम कर, ओळख होईल’ असे सांगणारे भेटतात. ज्या कामाचा इतरांना पगार मिळतो ते काम विनामूल्य केले तरी ते काम मानले जाऊ शकते आणि त्याने पुढचे सगळे कागद अडचणीत येऊ शकतात. असे पाऊल उचलण्याआधी वकिलाला किंवा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-कर्मचारी केंद्राला जरूर विचारा.

तुलनेसाठी दोन अनुभव सांगते, नावे न घेता. दुसऱ्या राज्यातील एका मोठ्या विद्यापीठात माझ्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, संदर्भ देणाऱ्या तिघांनाही फोन गेले, आणि नंतर सात आठवडे पोर्टलावर ‘विचाराधीन’ एवढाच शब्द दिसत राहिला. मी तीनदा विचारल्यावर पद गोठवल्याचे कळले. दुसरा अनुभव एका सल्लागार संस्थेचा. तिने विद्यापीठातील नोकरीची ‘हमखास’ तयारी करून देण्याचे ३०० डॉलर घेतले आणि माझा रेझ्युमे एका ठरावीक साच्यात घालून परत दिला. त्यात नाशिकच्या रजिस्टरचा मागमूसही उरला नव्हता. तो रेझ्युमे वापरून केलेल्या ११ अर्जांपैकी एकालाही उत्तर आले नाही. ज्या माहितीसाठी मी ते पैसे मोजले ती सगळी जाहिरातीत फुकट छापलेली होती. घरच्या एका पगारात काटकसर करणाऱ्या बायकांकडून असे पैसे घेतले जातात याचा मला आजही संताप येतो.

सोयीसुविधांच्या बाबतीत हे विद्यापीठ चांगलेच उदार आहे. नियमित पदावरील कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून आरोग्य विमा मिळतो. निवृत्तीच्या मूळ योजनेत आपण पगाराच्या पाच टक्के घातले की पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ दहा टक्के घालते. शहरातल्या बसगाड्यांतून ओळखपत्रावर विनाशुल्क जाता येते, ज्याचे मोल गाडी न चालवणाऱ्या आपल्या बायकांना वेगळे सांगायला नको. गाडीने येणाऱ्यांना मात्र पार्किंगचा पास विकत घ्यावा लागतो. ‘टेम्पररी’ पदांना या सर्व सोयी नसतात, पण खंड मोडण्यासाठी आणि आत काम कसे चालते हे समजण्यासाठी सहा महिन्यांचे टेम्पररी पद वाईट नाही. फ्लिंटची जाहिरात असेल तर ते ॲन आर्बरपासून साधारण ८० किलोमीटरवर आहे आणि हिवाळ्यात तो रस्ता रोज करणे सोपे नाही, हेही अर्ज करण्याआधी पाहून घ्यावे.

पाचपैकी मी या पोर्टलाला चार गुण देते. पाचवा गुण राखून ठेवण्याचे कारण एवढेच, की अनुदान कधी संपते ही सर्वांत मोठी माहिती अर्जदाराने दुसरीकडे जाऊन शोधावी अशी अपेक्षा असू नये, ती प्रत्येक जाहिरातीत छापलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

आमच्या प्रयोगशाळेचे अनुदान पुढच्या वर्षी संपते आहे. नूतनीकरणाचा प्रस्ताव पाठवला आहे, पण त्यावर विसंबून राहायचे नाही असे आम्ही सगळ्यांनी उघडपणे बोलून ठरवले आहे, आणि आमचे पीआयच आम्हाला अर्ज करा म्हणून सांगतात. त्यामुळे सोमवार-गुरुवारची ती सकाळची अर्ध्या तासाची सवय पुन्हा सुरू झाली आहे. या आठवड्यात दोन जाहिराती बाजूला काढल्या आहेत. एक इंटरमिजिएटची, आमच्याच आवारात. दुसरी सीनियर पातळीची, खाली अंडरफिलचा परिच्छेद असलेली. दुसरी लागून चार दिवस झाले आहेत, म्हणून तिचे पत्र आज रात्री लिहायचे आहे.